एप्रिलची एकतीस तारीख

ईशान आणि मीरा,

तुम्ही दोघांनी मिळून पाठवलेलं घड्याळ पोचलं. घड्याळ चांगलं आहे. अंक ठळक आहेत, पट्टा मऊ आहे, आणि रोज किल्ली द्यावी लागत नाही हे मला अजून खरं वाटत नाही. पण मी ते हातात घातलं आणि लगेच काढून ठेवलं, हे तुमच्या आईने तुम्हाला कळवलं असेलच. तीनच्या अंकाशेजारी त्याला एक चौकोनी भोक आहे आणि त्यातून तारीख डोकावते. मला ते सहन होत नाही. शेवटी आमच्या कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्याकडे नेऊन मी ते भोक आतून पांढरा कागद चिकटवून बुजवून घेतलं. तो म्हणाला, "आजी, तारखेचं घड्याळ लोक मागून घेतात." मी म्हटलं, "घेऊ देत." आता ते माझ्या हातात आहे आणि वेळ बरोबर दाखवतं.

आजीला म्हातारचळ लागला असं तुम्हाला वाटू नये, म्हणून कारण लिहून पाठवते. कारण म्हणजे एक माणूस आहे. त्याला आम्ही दाजीसाहेब म्हणत असू. माणसांविषयी वाईट लिहू नये, निदान मेलेल्यांविषयी तरी, असं मला शिकवलं होतं. मी आयुष्यभर ते पाळलं. या एका माणसापुरतं पाळणार नाही.

तेव्हा जव्हार संस्थान होतं. माझे वडील, म्हणजे तुमचे पणजोबा अण्णा, तिथल्या शाळेत इंग्रजी शिकवत. मी मुंबईहून बी.ए. होऊन नुकती घरी आले होते आणि मुलींच्या शाळेत सकाळचे वर्ग घेत होते. लग्न ठरायचं होतं. आमचं घर आणि दाजीसाहेबांचं घर यांच्यात कुंपणसुद्धा नव्हतं, नुसती एक जास्वंद होती. त्यांच्या पडवीत कोणी खाकरलं तरी आमच्या पडवीत कळायचं. आणि ते फार खाकरत.

मुंबईच्या एका शेठजींनी तिकडच्या जंगलाचा काही भाग तोडीसाठी ठेक्याने घेतला होता. दाजीसाहेब त्या शेठजींचे इथले सर्वेसर्वा होते. ते ठाण्याकडून आले. त्यांच्याबरोबर दोन पेट्या, एक पितळी पिकदाणी आणि त्यांची बायको गोदाकाकू आल्या, आणि काकूंचा मान त्याच क्रमाने होता. माणूस गोरा, गुबगुबीत, अंगावर नेहमी धुतलेला मलमलचा सदरा. दुरून बघितलं तर कोणालाही वाटावं की सुखवस्तू, सज्जन गृहस्थ आहे. जवळ गेलं की पान, घाम आणि लवंगेच्या तेलाचा वास यायचा.

आणि हातात ते घड्याळ. जव्हारात तेव्हा मनगटी घड्याळं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती आणि तारीख दाखवणारं तर ते एकच. सहाच्या अंकावर बारीकशी खिडकी, तिच्यात काळा आकडा. दाजीसाहेब ते मनगटाच्या आतल्या बाजूला बांधत. त्यामुळे घड्याळ बघायचं झालं की त्यांना तळहात वर करून हात पुढे धरावा लागे, भीक मागताना धरतात तसा. मग दुसऱ्या हाताचा अंगठा तोंडात घालून ते ओला करत आणि त्या ओल्या अंगठ्याने तारखेच्या खिडकीवरची काच पुसत. पान खाल्लेलं असलं तर काचेवर तांबूस ओघळ राहायचा. मग तोच अंगठा सदऱ्याला पुसून ते वर बघत आणि सांगत, "आज अकरा."

कोणी वेळ विचारली तरी ते आधी तारीखच सांगत. अण्णांनी एकदा जास्वंदीपलीकडून विचारलं, "दाजीसाहेब, किती वाजले?"

"आज चार तारीख."

"वाजले किती?"

"वाजायला काय, देवळातली घंटाही वाजते, मास्तर. वेळ कोणीही सांगेल. तारीख सांगणारं घड्याळ जव्हारात हे एक." मग तळहात उताणा, अंगठा तोंडात. "साडेपाच."

अण्णा आत येऊन मला हळूच म्हणाले, "आज तीन आहे ना गं?" मी म्हटलं, "तीनच असावी." दोघांनाही खात्री नव्हती, कारण मुंबईचं वर्तमानपत्र आमच्याकडे डहाणूहून मोटारीने एक दिवस उशिरा यायचं आणि मोटार बंद पडली तर दोन दिवस. गावात अर्धी माणसं तिथीवर चालत आणि खेड्यापाड्यातली सगळी बाजाराच्या वारावर. इंग्रजी तारीख ही शाळा, टपाल आणि दरबार यांच्यापुरती गोष्ट होती. तेव्हा ज्याच्या मनगटावर ती लिहिलेली त्याच्याशी वाद कोण घालणार? दाजीसाहेबांचं एक वाक्य ठरलेलं होतं. "घड्याळ कोणाचं सगंसोयरं नसतं." हे ते इतक्या वेळा म्हणत, की पुढेपुढे मला त्याचाच उबग आला.

गोदाकाकू मात्र तारीख कधी विचारत नसत. त्या मागच्या दारी चंद्र बघून तिथी सांगत आणि ती चुकल्याचं मला आठवत नाही. अंगाने काटक, बोलणं थोडं. मी एकदा त्यांना विचारलं, "काकू, तुम्हाला लागतं का हो ते घड्याळ?" भांडी घासता घासता त्या म्हणाल्या, "मला लागतं की. त्यांनी काढून ठेवलं की कळतं, झोपले म्हणून." एवढं बोलून त्यांनी पिकदाणी घासायला घेतली. काकू ती हाताला राख लावून, मान वळवून घासत.

त्या वर्षी माघात दाजीसाहेबांनी आईचं श्राद्ध घातलं. तिथीने नव्हे, तारखेने. म्हणाले, आई गेली ती सतरा तारखेला, माझ्या डोळ्यांदेखत, मग तिथीचा घोळ कशाला? काकूंनी तिथीच्या दिवशी मागच्या दारी कावळ्याला गुपचूप भात ठेवला होता, तो मी बघितला होता. पण सतराला साग्रसंगीत श्राद्ध झालं आणि अण्णांना जेवायला बोलावणं होतं. वाढायला माणूस हवं म्हणून मीही गेले.

दाजीसाहेब सोवळं नेसून पाटावर बसले, पण घड्याळ हातातच. गुरुजी जरा चाचरत म्हणाले, "तेवढा पट्टा काढून ठेवता का? चामडं आहे."

"गुरुजी, हे मेलेलं चामडं नाही. चालतं घड्याळ आहे."

गुरुजींनी मंत्र सुरू केले. पिंडदान झालं, पानं वाढली. एवढ्यात दाजीसाहेबांनी तळहात उताणा केला, सोवळ्यातच अंगठा तोंडात घालून काच पुसली, आणि त्यांचा चेहरा बदलला.

"अठरा! गुरुजी, तुम्ही मंत्र लांबवलेत. तारीख गेली."

गुरुजींच्या हातात वरणाची वाटी तशीच राहिली. बाहेर ऊन नुसतं डोक्यावरून कललं होतं. ते म्हणाले, "दाजीसाहेब, पितरांना तारीख कळत नाही. भूक कळते. जेवू द्या."

अण्णांनी ते घड्याळ हातात न घेता, लांबूनच बघितलं आणि समजावून सांगितलं. तारीख रात्री बारा वाजता बदलायला हवी. घड्याळाला दिवसाचे बारा आणि रात्रीचे बारा यातला फरक कळत नाही. कोणीतरी ते उलटं लावून ठेवलंय, म्हणून तारीख भर दुपारी पुढे जाते. सकाळी घड्याळ बरोबर, दुपारनंतर एका दिवसाने पुढे. "काही नाही, काटे एकदा बारा तास पुढे फिरवा आणि तारीख लावून घ्या. मिनिटाचं काम."

"असं होय?" दाजीसाहेब म्हणाले. ते थोडा वेळ त्या खिडकीकडे बघत राहिले. मग हसले. "म्हणजे दुपारनंतर आम्ही उद्यात असतो म्हणायचं." आणि ते जेवायला लागले. आमटी भुरकण्याचा आवाज पडवीपर्यंत जात होता.

मला वाटलं, संध्याकाळी दुरुस्त करतील. दोन-चार दिवसांनी तिसऱ्या प्रहरी त्यांनी अण्णांना पुन्हा पुढची तारीख सांगितली. अण्णा म्हणाले, "अजून तसंच का?" तर म्हणाले, "राहू द्या हो. सवय झालीय." अण्णांना तो आळस वाटला. अण्णा सगळ्या जगाला आळशी विद्यार्थी समजत. त्यापेक्षा वाईट काही त्यांना सुचत नसे.

आता लाकडाविषयी सांगते, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. तोडीसाठी आखून दिलेल्या जंगलाच्या तुकड्याला कूप म्हणतात. कूप तोडून झालं की मोठे ओंडके शेठजींचे. उरलेलं बारीक लाकूड, म्हणजे वासे, मेढी म्हणजे खांब, घराला लागतं तसलं, ते आसपासच्या पाड्यांनी आपल्या घरांसाठी न्यायचं, असा शब्द शेठजींनी दरबाराला दिला होता. त्याला मुदत होती एप्रिलअखेरची. ज्याला लाकूड हवं त्याने स्वतः येऊन दाजीसाहेबांकडून चिठ्ठी घ्यायची. मुदतीनंतर जे राहील ते कोळशाच्या भट्टीला, आणि भट्ट्या दाजीसाहेबांच्या स्वतःच्या होत्या.

आदल्या बाजारी दवंडी पिटली होती. तीस तारखेला सकाळपासून त्यांच्या पडवीपुढे माणसं बसली. गावातली, जवळच्या पाड्यांवरची. सकाळी आलेल्यांना चिठ्ठ्या मिळाल्या. दाजीसाहेब अगदी खुशीत होते. कोणाला पान देत होते, कोणाची चेष्टा करत होते. जामसरचे लोक उन्हं तापायच्या आत चिठ्ठी घेऊन परत गेले. मी शाळेतून आले तेव्हा अंगण रिकामं झालं होतं.

जेवणं झाली आणि वांगणीचे तिघेजण आले. वांगणी म्हणजे वावर गावाच्याही पलीकडे, डोंगराच्या कुशीत. रस्ता असा नाहीच. पहाटे निघालेला माणूस जव्हारला पोचेपर्यंत दुपार कलते. पुढे होता तो लखमा. तिशीतला, सडपातळ, पायाला धूळ गुडघ्यापर्यंत. चार दिवसांपूर्वी पाड्यावर राब भाजताना वारा फिरला होता. राब म्हणजे पावसाआधी रोपासाठी पालापाचोळा टाकून जमीन भाजतात ते. ठिणगी उडाली आणि लखमाचं घर जळून गेलं. माणसं वाचली. आता पावसाच्या आत त्याला मेढी आणि वासे हवे होते, बाकी कुडाचं आणि पेंढ्याचं तो बघणार होता. बरोबरचे दोघे त्याला लाकूड वाहून न्यायला मदत म्हणून आलेले.

मी आमच्या पडवीत निवडणं घेऊन बसले होते. मला सगळं ऐकू येत होतं.

"सायब, घर जळला माझा. लाकूड पायजे," लखमा म्हणाला.

दाजीसाहेबांनी हात उताणा धरला. अंगठा तोंडात गेला. काच पुसली. "मुदत तीसपर्यंत. आज एकतीस."

"आज शेवटचा दिस ना? दवंडीवाला बोलला."

"शेवटचा दिवस होता. गेला."

लखमाने मान वर करून आकाशात बघितलं. "दिस तं वर हाय अजून."

"तो तुझा दिवस. मी घड्याळ बघून बोलतो. घड्याळ कोणाचं सगंसोयरं नसतं."

माझ्या हातातलं सूप खाली पडलं. मी जास्वंदीपाशी गेले. "दाजीसाहेब, एप्रिलला एकतीस तारीख नसते."

"कॅलेंडरला नसेल. माझ्या घड्याळाला आहे." आणि तो हात त्यांनी माझ्यापुढे धरला. "वाचा की, बी.ए.बाई. शिकलात कशासाठी?"

मी वाचलं. त्या ओल्या काचेखाली स्वच्छ एकतीस लिहिलं होतं. लखमा माझ्याकडे बघत होता. जव्हारात वाचता येणारं माणूस दिसलं की पाड्यावरची माणसं बघत तसं.

"ताय, काय लिवलाय?"

मी म्हटलं, "एकतीस लिहिलंय, पण..."

"म्हंजे सायब बरोबर बोलतो."

"घड्याळ चुकीचं आहे," मी म्हटलं. "यांना माहीत आहे चुकीचं आहे ते."

लखमा गोंधळला. त्याच्यापुढे दोन शिकलेली माणसं होती. दोघांनी एकच आकडा वाचला होता, आणि त्यातलं एक म्हणत होतं की तो आकडा खोटा. त्याच्या जागी मी असते तरी मीही त्यापेक्षा अधिक काही समजले नसते. दाजीसाहेब हसत होते. दातांच्या फटीत सुपारीचे तांबडे कण होते. ते हसू मला अजून आठवतं, आणि ते आठवलं की मला तोंड धुवावंसं वाटतं.

अण्णा शाळेतून आले. त्यांनी आधी नीट समजावलं, मग विनवलं, मग त्यांचा आवाज चढला. अण्णांचा आवाज चढलेला मी त्याआधी ऐकला नव्हता. दाजीसाहेब म्हणाले, "मास्तर, तुम्ही थकलात. उद्या सकाळी निवांत बघू."

त्या रात्री तिघे आमच्या पडवीत झोपले. आईने भाकरी आणि चटणी दिली. लखमा सांगत होता, त्याची म्हातारी आई जळल्या घराच्या चुलीपाशीच बसून आहे. बहीण जामसरला दिलेली. ती म्हणते माझ्याकडे चला, पोरं जातील, पण म्हातारी चूल सोडून हलत नाही. ती म्हणते तिथंच मेढी रोव, मी वर बघत बसते.

सकाळी अण्णा लखमाला घेऊन पुन्हा गेले. दाजीसाहेबांनी या वेळी तळहात उताणा केला नाही. उठून आत गेले, खिळ्यावरचं कॅलेंडर काढून आणलं आणि अण्णांपुढे धरलं. "बघा मास्तर. तुमच्याच कॅलेंडराप्रमाणे आज एक. मुदत कालच संपली. काल का नाही आला हा?"

दुपारी घड्याळ आणि सकाळी कॅलेंडर. इतकं साधं होतं ते. अण्णांचा चेहरा त्या वेळी कसा झाला ते मला लिहिता येणार नाही. आळशी विद्यार्थ्यापेक्षा वाईट काही असतं, हे त्यांना त्या पडवीत पहिल्यांदा कळलं असावं.

अण्णा तसेच दरबारात गेले. तिथे त्यांचं म्हणणं ऐकून लगेच एक माणूस कूपात पाठवलाही. पण तो पोचला तेव्हा उरलेलं सगळं लाकूड भट्ट्यांत रचून वर माती लिंपून झाली होती, आणि मातीतून धूर निघत होता. आदल्या रात्रीच काम झालं होतं. घडलं ते घडलं, पुढच्या वर्षी चिठ्ठ्या दरबाराचा माणूस देईल, असं ठरलं. ते ठरलं ते चांगलंच झालं. लखमाला त्याचा उपयोग नव्हता.

त्यानंतर आमच्या घराने दाजीसाहेबांशी बोलणं सोडलं. ते मात्र आमच्याशी बोलत राहिले. रोज संध्याकाळी जास्वंदीपलीकडून, कोणी न विचारता, "आज नऊ. आज दहा." मी त्या बाजूला पाठ करून बसायला लागले. आम्ही बोलत नसल्याचं त्यांना काही वाटत नव्हतं, याचीच मला जास्त किळस यायची. माणसाला लाज नसली तर त्याला शिक्षा करायला दुसऱ्यांपाशी काही राहत नाही. काकू मधूनमधून मागच्या दारी येऊन आईजवळ बसत. एकदा आईने विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं का हो?" काकू म्हणाल्या, "काटे फिरवायला मी एकदा हात लावला होता." त्यांनी बांगड्या वर सारल्या. मनगटाच्या वर काळानिळा डाग होता. आईने त्यांना चहा दिला.

वांगणीकडच्या माणसांना आमच्या घड्याळाचं शास्त्र कोण समजावणार? त्यांनी आपल्या पद्धतीने समजून घेतलं. जव्हारात दिस दुपारी सरतो, असं तिकडे बोललं जाऊ लागलं. तेव्हापासून त्या बाजूचा माणूस कामाला यायचा तो आदल्या संध्याकाळीच, आणि बाजाराच्या माळावर जांभळीखाली झोपायचा, म्हणजे सकाळी काम होईल. दाजीसाहेब जव्हारातून गेले, संस्थानही पुढे विलीन झालं, तरी ती चाल राहिली. तुमच्या आईच्या वेळी मी माहेरी गेले होते, तेव्हाही त्या जांभळीखाली रात्रीची माणसं झोपलेली मी बघितली. एका म्हाताऱ्याला विचारलं, इतक्या लवकर का आलात? तो म्हणाला, "इथला दिस लवकर सरतो, बाय." दाजीसाहेब कोण ते त्याला माहीतही नव्हतं.

त्यांना मी शेवटचं बघितलं ते भाद्रपदात. पुढच्याच आठवड्यात मी मुंबईला गेले, तिथे माझं लग्न ठरलं आणि मी परत येईपर्यंत शेठजींनी त्यांना दुसरीकडे पाठवलं होतं.

आमच्याकडच्या पावसात भिंतींनाही शेवाळ धरतं. कपडे वाळत नाहीत, काडेपेटी पेटत नाही. त्या दिवशी दुपारी पाऊस थोडा उघडला होता. दाजीसाहेब पडवीत शेगडी घेऊन बसले होते. शेगडीत कोळसा फुलला होता, चांगला, कडक लाकडाचा. त्यांनी घड्याळ मनगटावरून सोडून उजव्या हातात धरलं होतं आणि ते शेगडीवर शेकत होते. ओल आत गेली होती आणि काचेला आतून वाफ धरली होती. खिडकीतली तारीख दिसत नव्हती. ते अंगठा तोंडात घालत, काचेवर घासत, डोळ्याजवळ नेऊन बघत, आणि पुन्हा अंगठा तोंडात.

काकू दारातून म्हणाल्या, "आतून धरलंय ते."

त्यांनी ऐकलं नाही. ते घासतच राहिले.

तेवढ्यात रस्त्यावरून लखमा आला. डोक्यावर इरलं, हातात फडक्यात बांधलेल्या चार काकड्या. ती आमच्यासाठी भेट होती, त्या रात्री पडवीत झोपू दिलं त्याची. त्याने त्या माझ्या हातात दिल्या. मी विचारलं, "म्हातारी कशी आहे?"

"गेली. सरावणात," तो म्हणाला. "चुलीपाशी होती. वर पाना घातली होती मी, पळसाची. पावसाला पाना कवर पुरतील?" त्याचा आवाज साधा होता, पीक कसं आहे ते सांगावं तसा. "वरच बघत होती शेवटपरत."

जास्वंदीपलीकडून दाजीसाहेबांनी हाक मारली. त्यांना ऐकू गेलं होतं की नाही ते मला माहीत नाही. जेमतेम पाच हातांचं अंतर होतं.

"अहो बी.ए.बाई, आज किती तारीख?"

मी तोंड फिरवलं. तेव्हा लखमा वळला. त्याने त्या शेगडीकडे बघितलं, शेगडीतल्या कोळशाकडे जरा जास्त वेळ बघितलं, मग ढगांतून दिसणाऱ्या उन्हाकडे बघितलं.

"दुपार कलली, सायब," तो म्हणाला. "तुमचा दिस सरला."

त्याने इरलं सारखं केलं आणि तो वांगणीच्या वाटेला लागला. दाजीसाहेबांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांनी अंगठा तोंडात घातला, चांगला ओला केला, आणि ते पुन्हा ती काच बाहेरून पुसायला लागले.